बाग गावाची, मग हिशेब कोणाचा?

रविवारी तालुक्याच्या गावातून बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या दिसायला लागतात. ‘चुलीवरचं जेवण’, ‘गावरान चव’, ‘आईच्या हातची भाकरी’, थंडीच्या दिवसांत ‘हुरडा पार्टी’. आपणही हौसेने जातो. मुलांना झाडाला बांधलेला झोका मिळतो, बैलगाडीत बसायला मिळतं आणि आपल्याला एक दिवस पोळ्या लाटण्यापासून सुट्टी. पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, वर ताकाचा ग्लास. पोट भरतं, मनही भरतं. पण कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन बायका सकाळपासून भाकऱ्या थापत बसलेल्या असतात. धुराने त्यांचे डोळे लाल झालेले असतात. पाहुणे त्यांचे फोटो काढतात, ‘मावशी, काय सुंदर भाकरी!’ म्हणतात आणि निघतात. त्या मावशींना दिवसाचे किती रुपये मिळाले, हे कोणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, गावात पाहुण्यांसाठी बाग व्हावी या मताची मी आहे. शेतीला जोडधंदा हवा, तरुण सुनांना घराजवळ काम हवं, शहरातल्या मुलांना ज्वारीचं कणीस ताटाबाहेर कसं दिसतं हे कळायला हवं. पण गावाच्या नावावर बाग उभी करायची, गावच्या चवीवर पैसा कमवायचा आणि ती चव जिच्या हातात आहे तिला रोजंदारीवर ठेवायचं, हे काही पटत नाही. बागेत गुलाब कुठे लावायचा याआधी बाईच्या कामाचा हिशेब ठरला पाहिजे.

आधी बागेचं बोलू. आपल्याकडे ‘पर्यटन केंद्र’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार लॉन, सिमेंटचं हरीण, फोटोसाठी रंगवलेली चाकं आणि रेन डान्स. ज्या गावात मार्च उजाडला की टँकरची वाट बघावी लागते, तिथे पैसे घेऊन पाहुण्यांना कारंज्याखाली नाचवायचं? लॉनला रोज पाणी लागतं आणि त्यातून एक मेथीची जुडी निघत नाही. त्यापेक्षा आपल्या आज्यांचा परसू किती शहाणा होता! मोरीचं पाणी अळूला आणि केळीला. कुंपणावर वाल, घेवडा, दोडका, कारली. एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्या कोपऱ्यात कढीपत्ता आणि लिंबू. मध्ये माठ, अंबाडी, चुका, मिरच्यांची चार रोपं. पाण्याच्या माठाखाली गवती चहा. बघायलाही सुंदर आणि संध्याकाळची भाजी हाताशी. पाहुण्यांची बाग म्हणजे हाच परसू, जरा मोठा केलेला. सोबतीला ज्वारीचा किंवा बाजरीचा एक पट्टा, बांधावर सीताफळ, पेरू, बोर आणि सावलीला जुना आंबा किंवा चिंच. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून, म्हणजे ‘उमेद’मधून, बचत गटाच्या बायकांना पोषण परसबागा करायला शिकवलं गेलं आहे. म्हणजे ही विद्या गावात आहे. त्यासाठी शहरातून कोणी बागतज्ज्ञ आणायला नको.

अशी बाग बघायला कोण येणार, असं म्हणणाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे आठवावं. राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं हरवू नये म्हणून त्यांनी वाल, घेवडे, भात, भाज्या यांचं बी जमवलं, राखेत घोळून मडक्यांत जपलं, दुसऱ्या बायकांना दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या अंगणातलं बियाणं बघायला लांबून लोक, शाळेची मुलं, कृषी खात्याचे अधिकारी येतात. तिथे कारंजं नाही. एका बाईचं ज्ञान आहे आणि ते बघण्यासारखं आहे.

पाहुणे आले की फायदा एकाच घराचा व्हायला हवा असंही काही नाही. रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून तिथे समुद्रकासवांची घरटी जपायचं काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केलं. पुढे कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले. गावात मोठं हॉटेल नव्हतं, म्हणून पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहायला आणि घरचंच जेवायला लागले. आंबोळ्या, उकडीचे मोदक, सोलकढी, जे त्या घरात होतं ते. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथेही पुस्तकं एका इमारतीत कोंडली नाहीत, घराघरांत ठेवली. वाचायला आलेला माणूस गावभर फिरतो आणि त्याच्या चहापाण्याचा पैसाही एका गल्ल्यात अडकत नाही. बागेचंही असंच करता येईल. मधली बाग ग्रामपंचायतीच्या किंवा कोणी दिलेल्या जागेत आणि तिला जोडून दहा-बारा घरांचे परसू. एका परसात रोपं, दुसऱ्यात बियाणं, तिसऱ्यात पापड-कुरडया, चौथ्यात जेवण. पाहुण्याने फिरावं आणि गावाने मिळून कमवावं.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, रविवारी चाळीस पाहुणे येणार. माणशी तीन भाकऱ्या धरल्या तर एकशेवीस भाकऱ्या. थापून, तव्यावर टाकून, फुगवून काढायला एका भाकरीला अडीच मिनिटं धरली तर एका चुलीवर पाच तास लागतात. तीन चुली मांडल्या तर तीन बायकांचे पावणेदोन तास. हे फक्त भाकऱ्यांचं. त्याआधी दळण, भाज्या निवडणं, मसाला वाटणं, शेंगदाण्याचं कूट, ताक घुसळणं. नंतर चाळीस ताटं, वाट्या, पातेली, तवे. शिवाय पाणी भरणं, अंगण सारवणं, संडास-बाथरूम साफ करणं. सहा बायकांचा पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस जातो. आणि ताटाचा दर ठरवताना कागदावर काय येतं? तेल, डाळ, गॅस, पत्रावळी. ‘पीठ घरचंच, भाजी घरचीच, बायका घरच्याच.’ घरचं म्हणजे फुकट, हा आपल्याकडचा जुना हिशेब. आपण बायकासुद्धा तोच करतो. बाजारातून आणलेल्या अर्धा किलो वांग्यांचे पैसे लिहितो आणि परसातली तोडली तर लिहीत नाही!

म्हणून पहिला नियम हा असावा की वही घालायची आणि त्यात सगळं लिहायचं. परसातल्या भाजीला त्या दिवशीचा बाजारभाव लावायचा. दळणाचे, सरपणाचे, भांडी घासण्याचेसुद्धा पैसे धरायचे. प्रत्येकीचे तास लिहायचे. त्यावर थोडा नफा ठेवून ताटाची किंमत काढायची. ती जास्त वाटली तर वाटू दे. शहरातला माणूस पिझ्झ्याला जेवढे पैसे देतो तेवढे पाच पदार्थांच्या ताज्या ताटाला द्यायला का कुरकुरेल? आणि कुरकुरलाच तर ताटातला एक पदार्थ कमी करा, बाईची मजुरी कमी करू नका.

आता चुलीचं. चुलीच्या चवीचं कौतुक मलाही आहे. पण धुराने काय होतं हे जिने वीस वर्षं फुंकणी फुंकली तिला विचारा. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅसची जोडणी दिली गेली, ती बायकांच्या छातीतला धूर कमी व्हावा म्हणून. आता घरी गॅसवर रांधणारी बाई पाहुण्यांच्या हौसेपायी पुन्हा दिवसभर धुरात बसणार असेल तर ते पुढचं पाऊल कसं म्हणायचं? सगळंच चुलीवर करायची गरज नाही. भाजी, भात, आमटी गॅसवर होऊ द्या. भाकरीपुरती चूल पेटवा. शेड बाजूंनी मोकळी ठेवा, धुराडं बसवा, बायकांच्या पाळ्या लावा. आणि पाहुण्याला बिनदिक्कत सांगा, ‘या ताई, तुम्हीही एक भाकरी थापून बघा.’ चार भाकऱ्या मोडल्या की मावशींच्या हाताची किंमत आपोआप कळते.

यापेक्षा नाजूक प्रश्न पुढे आहे. ‘स्थानिक जेवण’ म्हणजे नेमकं कोणाच्या घरचं जेवण? बहुतेक ठिकाणी पिठलं-भाकरी आणि भरल्या वांग्यावर गाव संपतं. पण गावात एकच चूल नसते. आदिवासी पाड्यावरची नागलीची भाकरी आणि रानभाज्या, कोळीवाड्यातलं सुकट-बोंबील, धनगरवाड्यावरचं दूध-तूप, दलित वस्तीतल्या स्वयंपाकाच्या खास रीती हेही त्याच गावचं जेवण आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. ते २०१५ साली आलं. तोवर आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत या पदार्थांना जागा जवळपास नव्हतीच. बागेच्या जेवणात पाळी लावताना ठरावीक आळीतल्याच बायकांना स्वयंपाकाला बोलवायचं आणि बाकीच्यांना झाडलोटीला, असं होणार असेल तर ती गावाची बाग नव्हे. प्रत्येक वस्तीतल्या बाईच्या हातचा एक तरी पदार्थ ताटात असावा आणि तो तिच्याच नावाने वाढला जावा. यावर गावात कुजबुज होईल. होऊ दे. पाहुणे बोटं चाटतात हे दिसल्यावर निम्मी कुजबुज थांबेल. राहिलेल्या निम्मीला तोंड द्यायला गटाने एकत्र उभं राहायचं.

रानभाज्यांचं आणखी एक सांगायला हवं. राज्याच्या कृषी खात्याने २०२० पासून ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवायला सुरुवात केली, तेव्हापासून शहरात कर्टोली, टाकळा, भारंगी, शेवळं यांची विचारणा वाढली. चांगलंच आहे. पण पाहुण्यांसाठी म्हणून रान ओरबाडलं तर दोन-चार वर्षांत पाड्यावरच्या बाईलाच भाजी मिळायची नाही. ज्या भाज्या लावता येतात त्या बागेत लावाव्यात, रानातून आणायच्या त्या बी आणि कंद राखून आणाव्यात. आणि रानभाजी ओळखायचं काम जाणत्या बाईकडेच हवं. शेवळाच्या भाजीत काकडं किंवा काही आंबट पडलं नाही तर घसा खाजतो, हे मोबाइलवर वाचून स्वयंपाक करणारीला कळत नाही, आजीला कळतं. या जाणतेपणाचेही पैसे असतात. वाटाड्याला आपण पैसे देतो, मग रानातल्या पानाची पारख करून देणाऱ्या आजीला का नाही?

ताट ऋतूप्रमाणे बदलावं. श्रावणात रानभाज्या आणि अळूवडी, पौषात हुरडा आणि भोगीची मिसळीची भाजी, चैत्रात कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ. पाहुण्याने जानेवारीत आमरस मागितला तर हसून ‘मे महिन्यात या’ म्हणावं. प्रत्येक भागाची स्वतःची एक ओळख असते. मंगळवेढ्याची ज्वारी, जळगावचं भरिताचं वांगं, कोरेगावचा वाघ्या घेवडा, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्या गावात असं काही पिकतं तिथे पाहुण्यांच्या ताटात पनीर कशाला?

आता सगळ्यात कळीचा मुद्दा, नावाचा. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, केंद्रांची नोंदणी सुरू झाली. २०२३ मध्ये पर्यटनात बायकांनी पुढे यावं म्हणून ‘आई’ नावाचं धोरण आलं. त्यात बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, ठरलेल्या अटी-मर्यादेत, परत मिळण्याची सोय आहे. सोय चांगली, पण मालकी बाईची हवी. आणि आपल्याकडे सातबारा कोणाच्या नावावर असतो? शेतकरी संघटनेच्या बायकांनी १९८६ साली चांदवडला प्रचंड अधिवेशन भरवलं होतं. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली. नवऱ्याने आपखुशीने बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्यायचा आणि शंभर घरांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मी मुक्तीचं. कितीतरी गावांनी ते केलंही. पण आज आपल्या ओळखीच्या घरांत नजर टाका, किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? नाव नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून मालकी नाही, आणि मग जन्मभर ‘मदत करते’ एवढंच.

याची दुसरी बाजूही आहे. योजनेसाठी बायकोचं नाव लावायचं, सही तिची घ्यायची आणि पासबुक मात्र स्वतःच्या खिशात ठेवायचं. सरपंचबाईंच्या खुर्चीवर ‘सरपंचपती’ बसलेले आपण पाहिलेच आहेत. तेव्हा नुसतं नाव पुरत नाही. बँकेचं खातं बचत गटाचं किंवा बाईचं असावं, पैसे काढायला बायकांच्याच सह्या लागाव्यात, मोबाइलवर पैसे घ्यायचा तो चौकोनी कोडही त्याच खात्याचा असावा. पाहुणा पैसे देतो तेव्हा ते कुठे पोचतात हे ज्या बायकांनी रांधलं त्यांना त्याच क्षणी दिसलं पाहिजे.

काही जण म्हणतात, ‘दहा बायका जमल्या की भांडणं. एका माणसाने पैसा घातला तरच धंदा उभा राहतो.’ यात थोडं तथ्य आहे. स्वतःची जमीन आणि कर्ज पणाला लावणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळायलाच हवा, त्याला कोणी खलनायक करू नये. खाजगी केंद्र असलं तरी गावाशी ते न्यायाने वागू शकतं. केरळमधल्या कुमरकोमचं उदाहरण आहे. तिथे मोठमोठी हॉटेलं होती, पण भाजी बाहेरून यायची आणि गावाच्या वाट्याला गर्दी व कचरा. २००८ च्या सुमारास तिथल्या सरकारने, पंचायतीने आणि ‘कुटुंबश्री’च्या बायकांच्या गटांनी मिळून ठरवलं की पडीक जमिनीवर भाजी, भात पिकवायचा आणि हॉटेलांनी तो विकत घ्यायचा. सुरुवातीला अडचणी आल्या. कधी माल कमी पडायचा, कधी दरावरून वाद. मग दर ठरवायला एक समिती केली, दर्जा बघायला दुसरी केली. व्यवस्था बसली. भांडणं झाली म्हणून मोडलं नाही, नियम केले म्हणून टिकलं. आपले बचत गट वर्षानुवर्षं कर्जाचे हप्ते चोख फेडताहेत. पैशाची शिस्त बायकांना नाही, असं म्हणायची सोय आता कोणाला राहिलेली नाही.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या आपणा सगळ्यांचाही यात वाटा आहे. आपणच या बागांचे जवळचे पाहुणे आहोत. मुंबई-पुण्याचा पाहुणा वर्षातून एकदा येईल, आपण चार वेळा जाऊ. वाढदिवस, भिशी, शाळेची सहल, हळदीकुंकू हे सगळं अशा बागेत होऊ शकतं. तेव्हा जाण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा. स्वयंपाक कोण करतं आणि त्यांना किती मिळतं? भाजी गावातली की मार्केट यार्डातली? बिल देताना घासाघीस करू नका. एखादा पदार्थ आवडला तर करणारीचं नाव विचारा. घरी जाताना तिच्याकडून डांगर, कुरडया, बियाणं विकत घ्या. शिक्षिका असाल तर सहल तिथे न्या. बँकेत नोकरीला असाल तर गटाच्या अर्जाचा कागद जरा लवकर पुढे सरकवा. एवढं तर जमेल ना?

आणि ज्या गावात राहतात त्यांच्यासाठी एक आठवण. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊनच उरकतात. गावात बागेचा, पर्यटनाचा विषय निघाला असेल तर त्या सभेला जा आणि हे प्रश्न मांडा. जागा कोणाची आणि किती वर्षांसाठी? पाणी कुठून येणार आणि उन्हाळ्यात आधी कोणाला मिळणार? स्वयंपाकाच्या पाळीत सगळ्या वस्त्या आहेत का? ताटाचा दर कोण ठरवणार? खात्यावर सही कोणाची? बायकांसाठी स्वच्छ संडास आणि महिन्यातून चार दिवस सुट्टी आहे का? खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती कोणाच्या नावाने काढणार? उत्तरं तोंडी घेऊ नका, ठरावात लिहून घ्या.

पाहुणचार ही आपल्या रक्तातली गोष्ट आहे, त्यासाठी कोणी शिकवायला नको. फक्त दारी आलेला पाहुणा तिकीट काढून आलेला असेल तर त्या तिकिटातला आपला वाटा मागायला लाजायचं नाही. बियाणं आपलं, चव आपली, हात आपले. आता वहीही आपल्याच हातात असू द्या.